हाकेपुरते दात

गिरेसूनमध्ये पहिल्या मजल्यावर माझा दवाखाना.
खिडकीतून थोडासा काळा समुद्र दिसतो, बाकी पार्किंग.
नाझिरे आल्या त्या दिवशी समुद्रही नव्हता, नुसतं धुकं.
रुमालाच्या गाठीतून त्यांनी दोन दात काढले :
"परत बसतात का बघ, पोरी."
शेवाळलेल्या पायरीवरून घसरल्या होत्या,
पाठीवर हेझलनटचं पोतं.
पोतं सांडलं नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

दात बसणार नव्हते. चार दिवस झालेले.
मी खण उघडला, नमुने मांडले.
ही कवळी. स्वस्त. रात्री काढून पाण्यात ठेवायची.
हा ब्रिज. पण त्यासाठी
शेजारचे धडधाकट दात कानशीने झिजवावे लागतात.
"माझी भिंत पडली म्हणून शेजाऱ्यांची घरं सोलायची?"
हा इम्प्लांट. हाडात स्क्रू,
हाड त्याला धरेपर्यंत चार महिने, मग वर दात.
किंमत मी कागदावर लिहिली,
मोठे आकडे मला तोंडाने सांगवत नाहीत.
त्यांनी कागद लांब धरून वाचला. घडी घातली.
"एक अख्खा हंगाम," म्हणाल्या.

मग मी सगळ्यांना विचारते ते विचारलं :
चावायला त्रास होतो? हसताना लाज वाटते?
"चावायचं काय, भाकर भिजवता येते.
हसायला तोंडावर हात आहे.
शिट्टी होत नाही."

त्यांच्याकडच्या दऱ्या अशा, की निरोप उतरून चढेपर्यंत
चहा निवतो.
म्हणून तिथली माणसं शिट्टीत बोलतात,
नावं, भाव, भांडणंसुद्धा.
समोरच्या डोंगरावर बहीण, हाजेर.
फोन आहे तिच्याकडे.
पण फोनवर ती रडते,
शिट्टीत रडता येत नाही.

तात्पुरती कवळी दिली.
आठव्या दिवशी ती कागदात गुंडाळून माझ्या टेबलावर :
"मी म्हटलं, चहाला ये.
ती कुऱ्हाड घेऊन आली."
दोघी हसलो. त्या थांबल्या,
मी जरा उशिरा थांबले.

म्युनिकहून मुलगा, स्पीकरवर :
आई, एकाहत्तराव्या वर्षी हाडात लोखंड?
किती दिवस वापरणार आहेस?
टायटेनियम, असं मी म्हणणार होते. गप्प बसले.
"तू मोटार घेतलीस, रेजाई,
तेव्हा मी विचारलं होतं, किती दिवस जगणार आहेस?"
पलीकडे बराच वेळ नुसती ट्रामची घंटा.

हाड पातळ होतं, ते मी फोटोवर दाखवलं.
कधीकधी रुजत नाही, हेही सांगितलं.
त्या चिडल्या, जणू मीच ते झिजवलं होतं.
मग घासाघीस :
पुढचे दोनच. मागच्या दाढेची जागा राहू दे रिकामी,
तीस वर्षं ती नाहीये,
तिला कुणी हाक मारलेली नाही.

टाके काढल्यावर बजावलं,
चार महिने तोंडात बोट घालायचं नाही.

नोव्हेंबरात मी वर गेले, खरं तर जायचं कारण नव्हतं.
अंगणात सालांचा ढीग, ओला वास.
दरीपलीकडून शिट्टी आली, लांब, शेवटी वर चढणारी.
नाझिरेंनी तांब्याचं झाकण उचललं,
पळीने दोन ठोके. म्हणजे, आहे.
पुन्हा शिट्टी. पुन्हा दोन ठोके.
"विचारून विचारून तिच्या दातांच्या कण्या झाल्या,
अजून किती दिवस म्हणून.
हाड भरतंय, हे झाकणावर कसं वाजवू?"
मी हिरडी तपासली. सूज नव्हती.
त्यांनी पिशवीभर हेझलनट दिले, फोडलेले.

उतरताना वळणावर गाडी थांबवली,
काच खाली केली, तोंडात बोट घातलं.
बत्तीसच्या बत्तीस शाबूत.
नुसती हवा आली.
खालून लाकडाचा ट्रक चढत होता,
त्याला वाट दिली.